नवी भाषा जुनी करताना

आमच्या वाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत 'च'ची भाषा चालायची. शब्दाचं पहिलं व्यंजन काढायचं, त्याच्या जागी 'च' बसवायचा आणि काढलेलं व्यंजन शब्दाच्या शेपटाला बांधायचं. 'मला' म्हणजे 'चलाम', 'भूक' म्हणजे 'चूकभ'. मोठ्यांना यातलं काही कळत नाही अशी आमची ठाम समजूत होती. 'चलाम चूकभ चागलील' असं अंगणातून ओरडलं की आजी काही न विचारता हातावर पोळीचा लाडू ठेवायची. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

ती काही भाषा नव्हती. मराठीलाच घातलेलं ते सोंग होतं. सोंग उतरवलं की खाली तीच मराठी, तिच्या विभक्तींसकट आणि आजीच्या लाडवासकट. पण इंग्लंडात साधारण याच वयाचा एक मुलगा असल्या सोंगांपासून सुरुवात करून थांबलाच नाही. त्याच्या मावसबहिणींनी प्राण्यापक्ष्यांच्या इंग्रजी नावांची एक गुप्त बोली केली होती, ती त्याने उचलली. मग त्यातल्याच एकीबरोबर 'नेव्हबॉश' नावाची दुसरी रचली, मग स्वतःची तिसरी. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला, जुनी इंग्रजी शिकवू लागला, आणि 1931 साली या नादाबद्दल त्याने एक व्याख्यान दिलं. त्याचं शीर्षकच 'एक गुप्त व्यसन' अशा अर्थाचं होतं. हे जे. आर. आर. टोल्किन. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे म्हणून जग त्यांना ओळखतं. ते स्वतः मात्र सांगत की आधी भाषा झाल्या. त्या बोलायला कुणीतरी हवं, म्हणून मग माणसं, यक्षांसारखे एल्फ आणि त्यांचं सगळं जग आलं.

नवी भाषा करायची म्हणजे पहिली पायरी ध्वनी निवडण्याची. इथे आपण मराठी माणसं थोडी नशीबवान आहोत, कारण पहिलीत घोकलेली वर्णमाला हाच एक नकाशा आहे. घशाकडून ओठांकडे क, च, ट, त, प; आणि प्रत्येक वर्गात श्वास किती, घोष आहे का, नाक उघडं आहे का, याप्रमाणे पाच घरं. जगातल्या भाषा या नकाशातली कुठली घरं भरतात आणि कुठली मोकळी सोडतात, हे बघायला लागलं की थक्क व्हायला होतं. बूगनविल बेटावरची रोटोकास ही भाषा सहा व्यंजनांवर संसार करते. कॉकेशसमधून तुर्कस्तानात गेलेल्या उबिख भाषेला 84 व्यंजनं होती आणि स्वर, एका प्रचलित हिशोबाने, फक्त दोन. ती अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस 1992 साली वारला. वाईट वाटलं की आपण जिभेने 'च्च च्च' करतो ना, तो आवाज आपल्या लेखी शब्दसुद्धा नाही, पण दक्षिण आफ्रिकेच्या खोसा आणि झुलू भाषांमध्ये तो 'क'-'ख'सारखा रीतसर व्यंजन आहे. 'बाहुबली'तल्या कालकेयांसाठी मदन कार्की यांनी किलिकी भाषा रचली, तिच्यातही असे टिचकीचे आवाज पेरलेले आहेत.

ध्वनी निवडताना मनातला हेतू उघडा पडतो. 1984च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाला परग्रहावरच्या क्लिंगॉन लोकांची भाषा करायची होती. ती माणसांची वाटू नये, ही अट. मग त्यांनी काय केलं, तर नकाशात मुद्दाम भलतीकडे भोकं पाडली. क्लिंगॉनमध्ये आपला मूर्धन्य 'ड' आहे, 'ष'ही आहे, पण 'ट' नाही, 'ण' नाही. साधा 'क' नाही, मात्र त्याच्याही मागे, पडजिभेपाशी उमटणारे दोन आवाज आहेत. मानवी भाषा सहसा एखादं घर भरलं की शेजारचंही भरतात. ओक्रँडनी शेजार तोडला. इंग्रजी प्रेक्षकाला ते नुसतंच घोगरं आणि रांगडं ऐकू आलं असेल. वर्णमाला पाठ असलेल्याला मात्र ऐकताना 'ट'शिवायचा 'ड' खटकतो, एखाद्या पंगतीत ताट आहे आणि वाटीच नाही तसा.

ध्वनींच्या यादीनंतर त्यांच्या शेजारपाजाराचे नियम येतात, आणि माझ्या मते भाषेचा चेहरा यादीपेक्षा या नियमांत जास्त असतो. 'ळ' आणि 'ण' मराठीत हवे तितके आहेत, पण त्यांच्यापासून सुरू होणारा मराठी शब्द शोधून दाखवा. हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नाही. तो जिभेला माहीत आहे. परका शब्द या चाळणीतून जाताना तिची भोकं कशी आहेत ते दिसतं. पोर्तुगिजांचा 'ओस्पिताल' आपल्याकडे 'इस्पितळ' झाला, शेवटी 'ळ' लावून पक्का घरचा. हवाई बेटांवरच्या भाषेत व्यंजनं आठच, त्यांत 'स' नाही, 'र' नाही, जोडाक्षर चालत नाही आणि प्रत्येक अक्षर स्वरानेच संपलं पाहिजे. तिथे 'मेरी ख्रिसमस'चं 'मेले कालिकिमाका' होतं. ऐकायला नवं, पण एकेक नियम लावत गेलं तर दुसरं काही होऊच शकलं नसतं.

टोल्किनना विद्यार्थिदशेत कॉलेजच्या ग्रंथालयात फिनिश भाषेचं व्याकरण सापडलं आणि ते तिच्या नादाने झिंगले. त्यातून त्यांची क्वेन्या उभी राहिली. या भाषेत शब्द स्वरावर संपावा, किंवा न, र, स, त, ल अशा मोजक्या व्यंजनांवर. ब, द, ग हे घोष आवाज एकटे यायचे नाहीत. 'म्ब', 'न्द', 'ल्द', 'ङ्ग' असे कुणाच्या तरी आधारानेच यायचे. एवढ्या दोन अटींनी भाषा ओली, वाहती झाली. दुसरी भाषा सिंदारिन. तिचा कान वेल्श भाषेवर तयार झालेला. लहानपणी बर्मिंगहॅममध्ये घराजवळून जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्यांवर वेल्श गावांची नावं रंगवलेली असत. ती वाचता येत नव्हती तेव्हापासून ती त्यांच्या मनात बसली होती. सिंदारिनमध्ये ब, द, ग मोकळे फिरतात आणि घासत जाणारे आवाज भरपूर.

इथपर्यंत हौशी माणूसही येतो. ध्वनी निवडले, नियम घातले, शब्द पाडले. आणि तरी ती भाषा नव्या कोऱ्या सदऱ्यासारखी दिसते, घडीच्या रेघा तशाच. खऱ्या भाषेला कोपर झिजलेले असतात, कुठे ठिगळ असतं, एक बटण वेगळ्या रंगाचं असतं. टोल्किनना ही झीज माहीत होती, कारण ती त्यांची भाकरी होती. 1919च्या सुमारास ते ऑक्सफर्डच्या महाकोशात 'डब्ल्यू'च्या शब्दांवर काम करत होते आणि 'वॉलरस' या एका शब्दाच्या व्युत्पत्तीने त्यांना घाम फोडला होता. त्यांचे गुरू जोसेफ राइट तर वयाच्या सहाव्या वर्षी खाणीवर गाढवं हाकणारे, मग गिरणीत राबणारे, पंधराव्या वर्षी अक्षर ओळखणारे, आणि शेवटी ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या पंडितांनी जे दाखवून दिलं होतं ते या गुरुशिष्यांच्या रक्तात होतं: ध्वनी बदलतो तो मनमानी बदलत नाही. 'प'चा 'फ' झाला, तर त्या भाषेतल्या त्या जागेच्या प्रत्येक 'प'चा होतो. आपला 'पितृ' आणि इंग्रजांचा 'फादर', आपला 'पाद' आणि त्यांचा 'फूट', सगळे एकाच लाटेत.

मग टोल्किननी जे केलं त्याची मला अजूनही गंमत वाटते. त्यांनी क्वेन्या आणि सिंदारिन थेट बनवल्याच नाहीत. त्यांनी आधी या दोघींची आई बनवली, हजारो वर्षांपूर्वीची, कुणीही न बोलणारी. तिच्यात धातू आणि शब्द ठेवले. मग दोन लेकींसाठी झिजेच्या दोन वेगळ्या नियमावल्या लिहिल्या आणि प्रत्येक शब्द त्या दोन घाण्यांतून काढला.

आईच्या भाषेत झाड म्हणजे 'गालादा'. क्वेन्याच्या घाण्यात मधला स्वर गळाला, सुरुवातीचा 'ग' विरला, हाती आलं 'आल्दा'. सिंदारिनमध्ये 'ग' टिकला, शेवटचा स्वर गेला, आणि 'द' घासून मऊ झाला. तो शब्द झाला 'गालाध', पण यातला 'ध' आपला नव्हे, तर जीभ दातांना नीट न टेकता हवा निसटू देते तो. आता दगड घ्या. आईकडे 'गोन्दो'. क्वेन्यात 'ग' विरणार हे ठरलेलं, म्हणून 'ओन्दो'. सिंदारिनमध्ये शेवटचा स्वर जाणार, म्हणून 'गोन्द'. त्यापुढे देश या अर्थाचा 'दोर' लावला की 'गोन्दोर', दगडांचा देश. कादंबरीतल्या त्या राज्याचं नाव कानाला बरं वाटलं म्हणून ठेवलेलं नाही. तो शब्द रांगेत उभा राहून, आपली पाळी आल्यावर तिथे पोचलेला आहे. वडील क्वेन्यात 'आतार', सिंदारिनमध्ये 'आदार'. पुस्तक क्वेन्यात 'पार्मा', सिंदारिनमध्ये 'पार्व'.

हे शेवटचे दोन शब्द मराठी वाचकाने जरा थांबून पाहावेत, कारण ते आपल्या अंगणातले आहेत.

'आतार'चा 'आदार' का होतो? स्वर म्हणताना घशातल्या तारा थरथरत असतात. दोन स्वरांच्या मधे 'त' आला की थरथर थांबवायची, 'त' म्हणायचा, पुन्हा सुरू करायची. दिवसातून हजार वेळा हा खटाटोप कोण करणार? तारा चालूच राहतात आणि 'त'चा 'द' होतो. आणखी काही पिढ्या गेल्या की जीभही पूर्ण टेकायचा कंटाळा करते, 'द' घासट होतो. मग तेवढंही नाही, आवाज नाहीसाच होतो. लॅटिनमध्ये जीवन म्हणजे 'वीता'. स्पॅनिशमध्ये ते 'विदा' झालं. फ्रेंचमध्ये 'वी', 'त'चा मागमूस नाही. संस्कृत 'माता' शौरसेनी प्राकृतात 'मादा' झाली आणि आपल्या महाराष्ट्री प्राकृतात 'माआ', तिचीच पुढे 'माय'. महाराष्ट्री या बाबतीत सगळ्या बहिणींत आघाडीवर होती. वररुचीच्या 'प्राकृतप्रकाशा'त तिचा नियमच आहे: स्वरांमधले क, ग, च, ज, त, द, प, य, व बहुधा लोप पावतात. त्यातलं ते 'बहुधा' मला फार आवडतं. नियम लिहिणाऱ्याने आधी कान देऊन ऐकलं होतं याची ती खूण. टोल्किनच्या कागदांवरची ध्वनिबदलांची टिपणं आणि वररुचीची सूत्रं शेजारी ठेवली तर कामाची जात एकच. फरक इतकाच की एकाने घडून गेलेलं टिपलं आणि दुसऱ्याने घडवलं.

'नगर'मधला 'ग' असाच गळाला, 'णअर' झालं, आणि त्याचं 'नेर' होऊन ते संगमनेर, अमळनेर, पिंपळनेरच्या शेपटाला जाऊन बसलं. 'पार्मा'चा 'पार्व' होतो ती वाट तर आपण रोज तुडवतो: 'ग्राम'चं 'गाव', 'नाम'चं 'नाव', 'गोस्वामी'चा 'गोसावी'. मधे एक टप्पा असतो, नाकातून येणाऱ्या 'व'चा. जुन्या शुद्धलेखनात 'गांव', 'नांव' लिहीत, तो अनुस्वार त्याच नाकाची आठवण. टोल्किननी सिंदारिनच्या जुन्या रूपात हा नाकातला 'व'सुद्धा नोंदवून ठेवला आहे. मराठी त्यांना येत नव्हती. वेल्शमध्येही 'म' याच वाटेने गेला होता, तिथून त्यांनी तो घेतला. तोंड सगळीकडे सारखंच, म्हणून वाटाही सारख्या.

आता घाणा कसा चालतो ते करूनच पाहू. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर मीही एक भाषा मांडून बसलो होतो. तिच्यात नदी म्हणजे 'लाक'. अनेकवचनाला शेवटी 'इ' लावायची: 'लाकि'. अगदी सरळ, शाळेतल्या पुस्तकासारखं. मग मी दोन बदल ठरवले. पहिला: 'इ'च्या आधीच्या 'क'चा 'च' होतो, जीभ 'इ'साठी आधीच पुढे सरकलेली असते म्हणून. दुसरा: शब्दाच्या शेवटचा स्वर गळतो. पहिला बदल आधी लावला: 'लाक', 'लाचि'. मग दुसरा: 'लाक', 'लाच'. म्हणजे एक नदी 'लाक' आणि अनेक नद्या 'लाच'. (धरणांच्या कामांशी याचा काही संबंध जोडू नये.) आता क्रम उलटा करू. आधी शेवटचा स्वर गेला: 'लाक', 'लाक'. 'क'चा 'च' करायला आता 'इ'च उरली नाही. एक नदी 'लाक', अनेक नद्याही 'लाक', अनेकवचन बुडालं. नियम तेच दोन, शब्द तोच, फक्त आधी कोण आणि नंतर कोण एवढ्यावर व्याकरणाचा एक खांब उभा राहतो किंवा कोसळतो. मी ते पान बराच वेळ बघत बसलो होतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत शेवटच्या तीन पादांतली सूत्रं क्रमाने बांधलेली आहेत आणि पुढचं सूत्र मागच्याच्या दृष्टीने जणू घडलेलंच नसतं, हे वाचताना कोरडं वाटलं होतं. 'लाक'मुळे ते ओलं झालं.

'लाक' आणि 'लाच' या जोडीकडे परक्याने पाहिलं तर तो म्हणेल, काय अनियमित भाषा आहे. त्याला 'इ' दिसत नाही. ती काम करून निघून गेली. सिंदारिनची अनेकवचनं नेमकी अशीच आहेत. डोंगर 'ओरोद', अनेक डोंगर 'एरेद'. माणूस 'आदान', माणसं 'एदाइन'. आईच्या भाषेत शेवटी 'ई' होती, तिने आधीच्या स्वरांना आपल्याकडे ओढलं आणि मग ती स्वतः गळाली. इंग्रजीत 'फूट'चं 'फीट' होतं त्यामागेही अशीच एक हरवलेली 'इ' आहे.

आणि मराठीत? 'घोडा'चं 'घोड्याला', 'आंबा'चं 'आंब्याला'. मग 'पैसा'चं 'पैशाला' का? 'ससा'चं 'सशाला', 'आरसा'चं 'आरशात', 'घसा'चं 'घशात'. 'स'चा 'श' कुणी केला? 'घोड्याला'मध्ये जो 'य' दिसतो, त्याने. 'पैस्याला' म्हणताना 'य'ने 'स'ला टाळूकडे ओढलं, 'श' केला, आणि मग 'य' पसार. गुन्हेगार फरार आहे, पण भिंतीवर पंजा उमटलेला आहे. आपण बाजारात दिवसातून दहा वेळा 'पैशाला' म्हणतो आणि दर वेळी त्या पंजावर हात ठेवतो.

लहान मुलं 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतात आणि आपण हसून सुधारतो. मूल बिचारं नियमाने चाललेलं असतं. पण 'केला', 'मेला', 'गेला', 'आला' ही चौकडी तरी कुठे बेशिस्त आहे? 'कृत', 'मृत', 'गत', 'आगत' या रूपांतला 'त' वररुचीने सांगितल्याप्रमाणे गळाला आणि उरलेल्या तुकड्याला 'ला' जोडला गेला. जे अपवाद म्हणून आपण पाठ करतो, ती एका कडक नियमाची पडझड आहे. भाषा रचणाऱ्यांमध्ये जे उस्ताद मानले जातात ते अपवाद वरून शिंपडत नाहीत. ते नियम लावतात, हजार वर्षं जाऊ देतात आणि पडझड आपोआप होऊ देतात. आता ही हजार वर्षं क्षणात जातात. मार्क रोझेनफेल्डर यांच्यासारख्यांनी संगणकाच्या आज्ञावल्या लिहून ठेवल्या आहेत, शब्दांची यादी आणि बदलांची यादी दिली की पुढची पिढी छापून मिळते. टोल्किन हे सगळं हाताने करत, आणि वर पुन्हा मन बदलत. एकेकाळी त्यांच्या कागदांवर वेल्शसारखी ती भाषा 'नोल्दोरिन' या नावाने दुसऱ्याच लोकांची होती. पुढे त्यांनी इतिहास फिरवला आणि तीच भाषा सिंदार लोकांच्या तोंडी दिली. शब्द बरेचसे तेच, कूळ बदललं.

लिपीही त्यांनी केली, तेंग्वार नावाची, आणि ती पाहून आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं. अक्षरं उच्चारस्थानाप्रमाणे उभ्या रांगांत आणि प्रयत्नाप्रमाणे आडव्या ओळींत. अक्षराचा पोटाकडचा गोल एक असेल तर अघोष, दोन असतील तर घोष. 'त'ला आणखी एक गोल काढला की 'द'चं घर. स्वर बहुधा व्यंजनाच्या डोक्यावर खुणेने, आपल्या मात्रेसारखे. क्वेन्या लिहिताना मात्र ते 'द'चं अक्षर 'न्द' वाचायचं, कारण त्या भाषेत एकटा 'द' नाहीच. इतका काटेकोरपणा.

काही वेळा ध्वनिबदलाने त्यांना कथाच हातात दिली. क्वेन्यात फार पूर्वी एक घासट 'थ' होता, अस्सल इंग्रज 'थँक्स' म्हणताना जीभ दातांत धरून काढतो तो. त्याचा पुढे 'स' झाला. चंद्राला सिंदारिनमध्ये 'इथिल' आणि क्वेन्यात 'इसिल' म्हणतात ते त्यामुळेच. कागदावर हा बदल ठरलेला होता. 1968च्या सुमारास टोल्किननी स्वतःलाच विचारलं असावं: पण हे बोलणारे इतके सुसंस्कृत, भाषेला जपणारे लोक, त्यांनी हा आवाज हरवू कसा दिला? उत्तर म्हणून त्यांनी एक घर उभं केलं. फेआनोर नावाचा तेजस्वी, तापट कारागीर. त्याची आई मीरिएल, भरतकामात निपुण म्हणून तिचं उपनाव 'थेरिंदे'. ती जुना 'थ' जपून म्हणायची. तिच्या मृत्यूनंतर बापाने दुसरं लग्न केलं. लोक 'थ' सोडून 'स' म्हणायला लागले, आईचं नाव 'सेरिंदे' झालं, आणि मुलाला त्यात आईचा अपमान ऐकू आला. मग 'थ' म्हणणारे आपले आणि 'स' म्हणणारे तिकडचे. व्याकरणातली एक ओळ घरभेद झाली. हे सगळं सांगणारा त्यांचा लेख टोल्किनच्या मृत्यूनंतर 1996 साली प्रसिद्ध झाला. कादंबऱ्यांपेक्षाही तो मला जास्त आवडतो हे कबूल करून टाकतो.

बायबलच्या जुन्या करारात यार्देन नदीच्या उतारावर 'शिब्बोलेथ' म्हणता न येणाऱ्यांची, 'सिब्बोलेथ' म्हणणाऱ्यांची, बेचाळीस हजारांची कत्तल झाल्याचं सांगितलं आहे. आपल्याकडे तलवार निघत नाही, पण 'पानी' म्हणणाऱ्या मुलाकडे वर्गात कशी नजर वळते ते सगळ्यांना माहीत आहे. आता जरा त्या 'ण'चं कूळ काढू. संस्कृतात तो शब्द 'पानीय'. त्यात 'न' आहे. महाराष्ट्रीत स्वरांमधल्या एकट्या 'न'चा 'ण' झाला, 'पाणिअ', म्हणून मराठीत 'पाणी'. आणि 'कान'? तो 'कर्ण', त्यात 'ण' आहे. प्राकृतात 'कण्ण' झाला, आणि मराठीकडे येताना अशा जोड 'ण्ण'चा 'न' होतो. 'पर्ण'चं 'पान' तसंच. म्हणजे ज्याच्यात 'न' होता त्याला आज 'ण' लागतो आणि ज्याच्यात 'ण' होता तो 'न'वर थांबला. शुद्ध म्हणून मिरवणारा 'पाणी' हा शब्द त्याच्या काळी 'पानीय'चा बिघाडच होता. आणि 'पानी', 'लोनी' म्हणणारी बोली सगळे 'ण' शिस्तीत 'न' करते, एकही न चुकता. ध्वनिबदलाच्या नियमांत ती पैकीच्या पैकी गुण मिळवेल.

टोल्किन बोलींना असं हिणवत नाहीत. त्यांच्या लेगोलास या धनुर्धराचं नाव, हिरवी पानं असा त्याचा अर्थ, राजमान्य सिंदारिनमध्ये 'लाएगोलास' असं व्हायला हवं. पण तो रानातला राजपुत्र, म्हणून त्याच्या नावाला रानातल्या बोलीचा स्वर आहे. बहुतेक वाचकांना हे कळणार नाही याची त्यांना पर्वा नसावी.

माझी 'लाक'ची भाषा डायरीत पाच नियमांवर अडकली होती. गेल्या दिवाळीत आठ वर्षांची भाची आली, तिला ती दाखवली. एक नदी 'लाक', अनेक नद्या 'लाच', असं समजावून सांगितलं. ती हसली आणि किल्ला करायला गेली. संध्याकाळी मातीतून तिने पाणी सोडलं आणि मला हाक मारली, "मामा, बघ, माझ्या किल्ल्याला तीन लाका आहेत."

वाट-वाटा, वीट-विटा, लाक-लाका. मी सांगितलेलं अनेकवचन तिने बाजूला सारलं होतं आणि मराठीचं लावलं होतं. मी आत जाऊन डायरी काढली आणि नियम क्रमांक पाचच्या खाली लिहिलं: 'नव्या पिढीत लाका असाही प्रयोग आढळतो.'